ठकीचा भांग

११ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार आणि कुशल गृहीत धर. फोनवर आपण तिसऱ्या वाक्याला भांडतो म्हणून तू पत्रांची टूम काढलीस, ते बरं केलंस. कागदावर निदान एक बोलत असताना दुसरी मध्ये तोंड घालत नाही.

तुझ्या पत्रात आईविषयी दोन ओळी आहेत आणि ठकीविषयी अख्खं पान. मी पाठवलेल्या फोटोत ठकीची फीत वाकडी आहे, डोळ्यांखाली तपकिरी डाग आहेत, शेंडी ढिली आहे, आणि एकूण ती 'कुणीतरी टाकून दिलेल्या कुत्रीसारखी' दिसते, असं तुझं म्हणणं. वाचून मी ठकीकडे पाहिलं. ती खिडकीखाली उन्हात पडली होती. तिला काही वाटलेलं दिसलं नाही. मलाही फारसं वाटलं नाही, हल्ली वाटतच नाही. पण तुझं खोटं नाही. आईच्या चांगल्या दिवसांत ठकी फिरायला निघाली की माणसं थांबून बघायची. नाकापासून शेपटीपर्यंत सुतासारखा सरळ भांग, दोन्ही बाजूंनी जमिनीला टेकणारे पांढरे केस, डोळ्यांवर येऊ नयेत म्हणून डोक्यावर बांधलेली शेंडी आणि शेंडीला लाल फीत. पाय दिसायचेच नाहीत. जिन्यात एका छोट्या मुलीने विचारलं होतं, हिला खालून चाकं आहेत का? आईने ते वर्षभर येईल त्याला सांगितलं. मोठा कुत्रा कसाही दिसला तरी चालतं, पण एवढीशी कुत्री पाळायची तर ती दिसायलाच हवी, हे तिचं ठाम मत. तुझंही तेच आहे असं दिसतं. उंटावरून शेळ्या हाकायला तुझं काय जातंय म्हणा.

ठकीला अजूनही आईच विंचरते. दुपारचा चहा झाला की खुर्चीशेजारच्या स्टुलावर टॉवेल घालते, ठकीला उचलून ठेवते आणि कंगवा घेते. कुत्र्यांच्या प्रदर्शनाच्या आधी एकेक बट कागदात गुंडाळून तिला रबर लावायची, तसं अजूनही लावते. कसलं प्रदर्शन, कुठे, हे विचारलं तर सांगता येत नाही. हात मात्र थांबत नाहीत.

मी चष्म्याच्या दुकानातच आहे. दिवसभर लोकांच्या नाकावर फ्रेम ठेवते, कानामागे काड्या बसवते आणि 'छान दिसतंय' म्हणते. घरी मी नसते तेव्हा कामाच्या मावशी असतात, जेवण त्याच बघतात.

बाकी आपलं ठरलं आहे तसंच. आई घरातल्या कोणाला तरी ओळखते तोवर ती घरात राहणार, नाहीतर तुझ्या गावातल्या त्या वृद्धांच्या संस्थेत. तर ओळखते. काळजी नसावी.

तुझ्या फोटोत केस खांद्याखाली आलेले दिसले. वाढवलेस की काय? लहानपणी आईच्या हातात कंगवा दिसला की पलंगाखाली दडी मारायचीस.

तुझी
धाकटी

२ मार्च

ताई,

'घरातल्यांना ओळखते म्हणजे नक्की कोणाला?' असं तू दोनदा अधोरेखित करून विचारलंयस. तुझ्या पेनाने कागद फाटलाय तिथे.

ओळखते गं. कालचीच गोष्ट घे. मी दुकानातून आले तर आईने स्वतः उठून मला पाणी दिलं. 'उन्हातून आलात, बसा ना' म्हणाली. आपल्यावर एवढी माया तिने कधी केली होती? मग म्हणाली, 'ठकीला न्यायला आलात का? आज नको, आज तिचे केस मी करणार आहे.' माझ्या अंगावर दुकानाचा पांढरा कोट होता, त्यामुळे कुत्र्यांच्या पार्लरमधली बाई समजली असेल. संध्याकाळी कोट काढून ठेवल्यावर सगळं ठीक झालं.

ठकीचा चांगला फोटो हवा म्हणून तू हट्ट धरलास, म्हणून रविवारी मी तिला घरीच अंघोळ घातली. पार्लरमध्ये नेलं की आई दाराशी येरझाऱ्या घालत बसते, म्हणून घरी. ठकीने मोरीत मला नखशिखांत भिजवलं. वाळल्यावर वरून अगदी कापसासारखी झाली. पोटाखाली आणि कानांमागे केस जरा कडक लागतात हाताला. साबण राहिला असेल. फोटो सोबत आहे. फीत सरळ आहे ते बघून घे.

तू एप्रिलच्या मध्यावर येतेस हे वाचलं. ये. आई ठकीला घेऊन दाराशी येईल.

धाकटी

१४ मार्च

ताई,

तुझ्या पत्रात एकच ओळ होती. 'आई तुला बसा म्हणाली?'

म्हणाली. थंडी पडायला लागली तेव्हापासून म्हणते आहे. मी तुला ताकास तूर लागू दिली नाही, कारण लागली असती तर तू पुढच्याच गाडीने आली असतीस आणि तिला घेऊन गेली असतीस. मला राग नाही. मला हल्ली राग येत नाही, तू आरडाओरडा केलास तरी चालेल.

पण आई ठकीला ओळखते. झोपेतून उठली की आधी ठकीला शोधते. ती शेंडी, ती फीत दिसली की तिचा चेहरा जागेवर येतो. ठकी इथे आहे म्हणजे हे घर आपलं, ही खुर्ची आपली, आणि ठकी ज्या अर्थी माझ्या पायाशी लोळते त्या अर्थी मीही बरी बाई असेन, असं तिचं सगळं चाललेलं असतं. ठकीच्या ओळखीवर मी या घरात राहते म्हण ना. आणि आपलं ठरलं होतं 'घरातल्या कोणाला तरी'. माणसालाच ओळखायला हवं, असं तू म्हणाली नव्हतीस. मी बरोबर लक्षात ठेवलंय.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. ठकी कानामागे पाय मारत होती, अंगाला वास येत होता, आणि विंचरताना ओरडायला लागली. ती ओरडली की आई कंगवा टाकून तिचे पाय धरते, 'लागलं का गं, माझ्याकडून लागलं का?' म्हणून. दोघींना समजावता समजावता मी हात टेकले. शेवटी नेलं पार्लरमध्ये. पार्लरवाली चांगली आहे, तोंडाने जरा फटकळ. तिने ठकीला टेबलावर उताणं केलं, आणि पोटावरचे केस बोटांनी वर उचलले.

"कोण विंचरतं हिला?"

"आई."

"दिसतं ना त्यांना?"

"दिसतं."

"मग हाताला जोर राहिला नसेल. हे बघा, कंगवा नुसता वरून फिरलाय. खालपर्यंत गेलेलाच नाही कित्येक महिने." तिने माझा हात धरून आत घातला. आत केस नव्हतेच. चटईसारखा एकसंध जाड थर होता. "आणि न विंचरता अंघोळ कोणी घातली?"

"मी. फोटो काढायचा होता."

"गाठींना पाणी लागलं की त्या आवळतात. लोकरीचा तो जाड गालिचा, नमदा, असाच बनवतात. आता यात कंगवाच काय, सुईसुद्धा जायची नाही. मशीन लावून सगळं काढायचं, दुसरा उपाय नाही."

मी विचारलं, शेंडी तेवढी ठेवता येईल का.

"शेंडीच्या मुळाशी तर सगळ्यात घट्ट आहे. बघा, कातडं ओढून ओढून डोळे कसे ताणलेत हिचे. आणि तुम्ही लोक म्हणता, काय गोड टकामका बघते."

मी म्हटलं, आईला विचारून सांगते. आईला मी काय विचारणार होते कोण जाणे. ठकीला तशीच परत घेऊन आले. त्याला आज आठवडा होत आला. वरून ती अजूनही चित्रातल्यासारखी दिसते. काल जिन्यात शेजारच्या आजोबांनी तिची स्तुती केली, 'किती निगा राखता हो!' म्हणाले. मी आभार मानले. आज तिच्या पोटाखाली टॉवेल ओला लागला. पाणी नव्हतं ते.

ताई, केस काढले तर आई तिला ओळखणार नाही, आणि नाही काढले तर कातडं सडेल. दुकानात आज एका माणसाच्या कानामागे मी चष्म्याची काडी वाकवायला एवढी गरम करून लावली की तो ओरडला. मी त्याला म्हटलं, छान दिसतंय.

शनिवारची वेळ घेतली आहे. तुला विचारत नाही, कळवते आहे.

धाकटी

२० मार्च

ताई,

काढले केस.

ते एकेक करून पडत नाहीत, हे मला माहीत नव्हतं. मशीन पोटाखालून शिरलं आणि सगळं एका तुकड्यात सुटत आलं, अंगातला स्वेटर काढावा तसं. पार्लरवालीने तो तुकडा टेबलाच्या कडेला ठेवला. त्याला शेंडी होती, शेंडीला फीत होती. फक्त आत कुत्री नव्हती. टाकू का, म्हणाली. मी आधी हो म्हटलं, मग नको म्हटलं.

आतून निघालेली ठकी निम्मी आहे. गुलाबी कातडं, त्यावर राखाडी ठिपके, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी, कान मात्र केवढाले. काखेत आणि पोटावर जखमा आहेत, त्यांना मलम दिलंय. मी तिचे पाय पहिल्यांदाच नीट पाहिले. चाकं नाहीत. टेबलावरून खाली ठेवल्याबरोबर तिने अंग झाडलं आणि पार्लरभर पळत सुटली, कोपऱ्यात घसरली, पडली, पुन्हा पळाली. पार्लरवाली म्हणाली, बघा, हलकं वाटतंय तिला. मी बघितलं.

घरी आले. आई दारातच होती. ठकी तिच्या पायांवर चढली, शेपटी म्हणजे नुसती काडी, ती हलवत होती. आई दोन पावलं मागे सरली.

"ही कोणाची?"

"आपली ठकी. केस कापले तिचे."

आई हसली. पाहुण्यांनी केलेल्या फुसक्या विनोदाला हसतात तसं, तोंडदेखलं. मग माझ्या मागे जिन्यात बघून म्हणाली, "आणि ठकी कुठाय?"

संध्याकाळभर ती शोधत होती. पलंगाखाली, मोरीत, कपड्यांच्या कपाटात. ठकी तिच्या मागोमाग फिरत होती, शोधायला मदत करावी तशी. मी लाल फीत ठकीच्या गळ्यात बांधली. आई म्हणाली, "हिच्या गळ्यात ठकीची फीत कशी आली?" मावशींनी ठकीला ठकीच्या ताटलीत खायला दिलं, तर आईने ताटली काढून घेतली. मग माझी अक्कल कुठे चरायला गेली होती कोण जाणे, मी पिशवीतून तो केसांचा तुकडा काढला आणि ठकीच्या पाठीवर घातला. मला वाटलं, दोन्ही एकत्र दिसलं की पटेल.

आई कितीतरी वेळ बघत राहिली. मग माझ्याकडे वळली. "तुम्ही काय केलंत तिचं?" एवढंच म्हणाली. आवाज चढवला नाही. मग आत गेली आणि दार लावून घेतलं. मला वाईट वाटलं. बऱ्याच महिन्यांनी काहीतरी वाटलं, म्हणून सांगते.

दुसऱ्या दिवसापासून ती दाराशी खुर्ची टाकून बसते. पर्स मांडीवर. ठकी नाही म्हणजे हे आपलं घर नाही, आणि अंधार पडायच्या आत आपल्याला आपल्या घरी जायला हवं. मावशींना विचारते, इथून गाडी कुठे मिळते. मला काही विचारत नाही, माझी तिला भीती वाटते. मी त्या खोलीत गेले की ती पर्स घट्ट धरते.

तेव्हा आता ती घरात कोणालाच ओळखत नाही. ठरल्याप्रमाणे तू संस्थेला कळव. तिचे कपडे मी काढून ठेवते. तिथे कुत्री चालत नाहीत हे मला माहीत आहे. आता तो प्रश्नही राहिलेला नाही.

हे लिहिताना मला काही होत नाहीये. हात लिहितोय, मी बघतेय.

धाकटी

२८ मार्च

ताई,

तुझं पत्र पोचलं. संस्थेत जागा झाली आहे, कागदावर दोघींच्या सह्या लागतील, आणि 'तू खूप केलंस' असं तू लिहिलंयस. ते वाक्य तू पहिल्यांदाच लिहिलंस. मी ते पुन्हा वाचलं.

सह्या करायच्या आधी कालचं ऐक.

काल मला सुट्टी होती, मावशीही आल्या नव्हत्या. मी अंघोळ करून ओले केस मोकळे सोडून बाहेर आले आणि ठकीला मलम लावायला जमिनीवर बसले. ती हल्ली आईच्या खुर्चीखालीच असते, म्हणून मीही तिथेच, आईच्या पायांशी, तिच्याकडे पाठ करून बसले. आई पर्स घेऊन दाराकडे तोंड करून होती. मी तिला काही बोलले नाही. बोललं की ती दचकते.

ठकीच्या काखेत मलम लावत होते तर डोक्याला हात लागला. मी हलले नाही. बोटं केसांत शिरली, वर उचलून बघितल्यासारखी, मग कानांमागून फिरली. मागे पर्स जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला. मग कंगवा. तो धातूचा, लांब दांडीचा, ठकीचा. इतके दिवस तो खुर्चीच्या फटीत होता आणि मी घरभर शोधत होते.

"किती गुंता करून ठेवलास," आई म्हणाली.

करून ठेवलास! तुम्ही नाही, तू.

तिने दांडीच्या टोकाने कपाळापासून मानेपर्यंत भांग पाडला. मोडला, पुन्हा पाडला. तिला तो सरळच लागतो. हाताला जोर नाही हे पार्लरवाली म्हणाली ते खरं आहे, कंगवा वरवरूनच फिरतो. मी डोकं जरा मागे टेकलं, म्हणजे खालपर्यंत जाईल. मग तिने एकेक बट घेऊन कागदात गुंडाळली. रबर लावताना केस ओढले गेले आणि माझ्या तोंडून आवाज निघाला.

"लागलं का गं?"

"नाही," मी म्हटलं.

ती थबकली. मला वाटलं, गेलं. बोलायला नको होतं, कुत्री कुठे बोलते. पण आई म्हणाली, "बोलायला लागली की बाई! मग हलू नकोस तेवढी," आणि पुढची बट घेतली. सगळे कागद सोडवून शेवटी समोरचे केस वर घेऊन शेंडी बांधली. घट्ट. माझे डोळे ताणले गेले. खुर्चीखाली ठकीच्या गळ्यातली फीत तिने वाकून सोडवली आणि माझ्या शेंडीला बांधली. ठकी बिचारी वर बघत बसली. तिला म्हणाली, "तू थांब. तुझे वाढले की तुझे."

मग माझी हनुवटी धरून तोंड वळवलं आणि बघितलं. ताई, थंडीपासून तिने माझ्याकडे असं बघितलं नव्हतं. लहानपणी शाळेत सोडायच्या आधी बघायची ना, भांग सरळ आहे की नाही, तसं.

"आता दिसतेस ठकी," म्हणाली.

मला रडू वगैरे आलं नाही. बरं वाटलं. नुसतं बरं वाटलं, असं साधं. नंतर तिने चहा मागितला. दाराशी जायचं तिच्या लक्षातच राहिलं नाही. खुर्ची मी उचलून पुन्हा खिडकीखाली ठेवली आणि ती येऊन तीत बसली, आपल्या घरात बसावं तशी.

आज दुकानात मी तशीच गेले. शेंडी, फीत, सगळं. एका बाईंनी फ्रेम लावून बघता बघता आरशातून माझ्याकडे बघितलं. मालक म्हणाले, हे काय? मी म्हटलं, आईने केलंय. संध्याकाळी घरी आले तर आईने दार उघडलं आणि पाणी दिलं नाही, बसा म्हटलं नाही. 'आलीस का, चल स्टुलावर,' म्हणाली. एवढी मी काही स्टुलावर मावत नाही, खालीच बसले.

आता तू सांग. ती मला ओळखते की नाही? मुलगी म्हणून नाही ओळखत, हे कबूल. कुत्री म्हणून ओळखते. पण घरातल्या कोणाला तरी ओळखते. मी तिला दुरुस्त करणार नाही, आणि तूही करायचं नाहीस. सह्या मी केलेल्या नाहीत. कागद तसाच परत पाठवते आहे.

ठकीच्या जखमा भरत आल्या. पाठीवर पांढरी लव उगवली आहे. पार्लरवाली म्हणते, आता आखूडच ठेवा, त्यातच तिचं सुख आहे. ठेवीन. आईला विंचरायला मी आहे.

पण रोज एकटीचे केस किती वेळ पुरणार? तिचे हात लवकर मोकळे होतात आणि मग ती इकडेतिकडे बघायला लागते. तू येते आहेस ना. पलंगाखाली दडू नकोस म्हणजे झालं, आता मावणारही नाहीस.

येताना केस कापून येऊ नकोस.

धाकटी